सोमवारचं बोट

अभिनंदनाचा फोन आला तेव्हा समाधान ओव्हाळ कंपनीच्या कँटीनमध्ये मटकीच्या उसळीत चपातीचा तुकडा बुडवत होता. चाकणच्या त्या कंपनीत तो प्रेस शॉपची मोठी क्रेन चालवायचा. वरच्या केबिनमध्ये फोन न्यायला बंदी, म्हणून मिनल मॅडम त्याला नेहमी जेवणाच्या सुट्टीत गाठायच्या. कामगारांच्या तब्येतीवर नजर ठेवायला कंपनीने जी एजन्सी नेमली होती, तिच्या त्या सल्लागार. समाधानने त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं, ॲपमधल्या गोल फोटोत तेवढं पाहिलं होतं. "समाधान सर, गुड न्यूज आहे," त्या म्हणाल्या. "ह्या वेळचे आरोग्यवीर म्हणून तुमचं नाव निघालंय. मधे तुमची शुगर केवढी वर चालली होती, मला तर टेन्शनच आलेलं. आणि सहा आठवड्यांत नव्वदवर आणून ठेवलीत! शनिवारी कार्यक्रम आहे. वहिनींना नक्की आणा. काय खायला घातलं, कसं सांभाळलं, ते त्याच सांगतील स्टेजवर." समाधान "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर समोर बसलेला सुजित म्हणाला, "काय राव, लॉटरी लागली का?" समाधानने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. 

त्या नव्वदात त्याच्या रक्ताचा एक थेंब नव्हता. आत्ताचा नव्वद त्याच्या मुलीचा होता, आणि त्याआधी जी शुगर वर चालली होती ती त्याच्या बायकोची होती. मिनल मॅडमना टेन्शन आलं होतं ते कस्तुराचं आलं होतं, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एकट्या समाधानला, आणि त्याने ते सहा आठवडे खिशात घालून फिरवलं होतं. आता त्याच बायकोला स्टेजवर उभं करून माइक द्यायचा होता. कुणी तोंडावर थुंकलं असतं तरी एवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं नसतं.

सुरुवात झाली तेव्हा त्यात पाप वाटावं असं काही नव्हतं, निदान वाटलं तरी नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याला शुगर निघाली. मग दीड वर्षापूर्वी कंपनीने ते छोटं मशीन दिलं. सोमवारी सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, की आकडा आपोआप फोनमध्ये जाणार आणि फोनमधून मॅडमकडे. हाताने आकडा भरायची सोयच नव्हती. माणूस खोटा आकडा लिहील एवढा विचार मशीन बनवणाऱ्यांनी केला होता. माणूस बायकोचं बोट पुढे करील हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. पहिले काही सोमवार त्याने स्वतःचंच बोट टोचलं. दोनशे चौदा, दोनशे एकतीस, दोनशे सव्वीस. मग कंपनीतून कागद आला की शुगर आटोक्यात नसेल तर उंचीवर काम करायचा पास काढून घेऊ आणि खाली पॅकिंगला बसवू. पुढच्या सोमवारी तो मशीनमध्ये पट्टी खोचून बसला होता, हात पुढे होत नव्हता, पट्टी वाया जायची वेळ आली होती. कस्तुरा शेजारी मेथी निवडत होती. "जरा बोट दे गं," तो म्हणाला. तिने हात पदराला पुसला आणि बोट दिलं. कशाला, म्हणून विचारलंसुद्धा नाही. एक्याण्णव आलं. फोनवर हिरवा गोल उमटला आणि खाली अक्षरं आली, शाबास समाधान. दोघं शाळा चुकवलेल्या पोरांसारखी हसली होती. तिच्या बोटावर रक्त तसंच राहिलं होतं, ते तिने नंतर मेथीच्या पाण्यात धुतलं.

क्रेनवरून उतरायची त्याला एवढी लाज का वाटत होती, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण वडील आठवायचे. अण्णासाहेब. नावात साहेब असून पिंपरीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं त्यांना सगळे "ए अण्णा" म्हणून हाक मारायचे. ते हेल्पर होते, वाळूची घमेली उचलायचे, आणि घरी आले की वर चालणाऱ्या क्रेनच्या गोष्टी सांगायचे. म्हणजे वर बसलेल्या माणसाच्या. तो कसा कुणाकडे बघत नाही, त्याला कसे खालून सगळ्यांना हात करावे लागतात. समाधान क्रेनवर बसू लागल्यावर एकदा कंपनीने घरच्यांना बोलावलं होतं. तेव्हा अण्णासाहेब खाली कपाळावर हात धरून कितीतरी वेळ वर बघत उभे राहिले होते. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "लई वर बसतोस की रं." मग मरेपर्यंत दिघीत भेटेल त्याला सांगत राहिले की आमच्या समाधानला खालून सगळे हात करतात. असा माणूस पॅकिंगच्या बाकावर नट-बोल्ट मोजत बसलेला आपण अण्णांना कसा दाखवायचा, असं त्याला वाटायचं. अण्णा जाऊन चार वर्षं झाली होती. मेलेल्या माणसासमोर मान खाली जाऊ नये म्हणून तो जित्या बायकोचं बोट टोचत होता. माणसाला लाज असतेच, फक्त ती कशाची धरायची हे वेळेवर कळत नाही.

हळूहळू घरात त्याचा रिवाज पडला. सोमवारी कस्तुरा आपणहून हात धुऊन यायची, चहाही घ्यायची नाही, भिंतीला टेकून बसायची आणि बोट पुढे करायची. एका सोमवारी उजव्या हाताचं, पुढच्या सोमवारी डाव्या. "आज करंगळी घ्या, बाकीच्यांनी भांडी घासायचीत," असं काहीतरी बोलायची. बोटाचं जमलं तसं पावलांचंही जमलं. ॲपला रोजची सहा हजार पावलं लागायची. क्रेनच्या केबिनमध्ये बसून माणूस चालणार किती? म्हणून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी कस्तुरा भोसरीच्या बाजारात जाताना त्याचा फोन पिशवीत टाकून न्यायची. फोनवर लोकांचे फोन आले तर घाबरून घ्यायची नाही. अशी तिची पावलं, तिचं रक्त, तिचं उपाशी पोट, आणि वर नाव समाधान ओव्हाळ. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. ॲपच्या आत जो तंदुरुस्त, नियमाने चालणारा, जिभेवर ताबा असलेला समाधान होता, तो खरं तर कस्तुरा होती. आणि गंमत अशी की काही महिन्यांनी त्याला तो समाधान आपणच आहोत असं वाटायला लागलं. कँटीनमध्ये तो लोकांना सल्ला द्यायचा. "कंट्रोल पाहिजे भावा, कंट्रोल," असं सुजितला म्हणायचा, आणि सुजित ऐकून घ्यायचा.

जानेवारीत आकडा एकशे आठ आला. फेब्रुवारीत एकशे एकोणीस. तेव्हा त्याने काय केलं? केबिनमध्ये बसून खाली वाकून बघताना त्याला तेच पुन्हा पुन्हा आठवत होतं. जेवणाची सुट्टी संपली होती, खाली सुजित हात वर करून उभा होता, साखळीला पंधरा टनांची डाय, म्हणजे प्रेसचा लोखंडी साचा, लटकत होती. फेब्रुवारीत त्याने कस्तुराला विचारलं होतं, "काल गोड खाल्लंस का?" कसं विचारलं होतं? पोराने वहीवर शाई सांडली की विचारतात तसं. ती म्हणाली, "वाटीभर भात खाल्ला, बाकी काय न्हाई." "रविवारचा भात खात जाऊ नकोस, माझा आकडा बिघडतो." माझा आकडा. हे शब्द त्याने वापरले होते आणि वापरताना त्याला काही वाटलं नव्हतं. मार्चमध्ये एकशे चौतीस आला, गोल पिवळा झाला. एप्रिलमध्ये एकशे एक्कावन्न. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती पिंपरीपर्यंत नव्या चपला घालून चालली, पांढऱ्या साडीत, टाचेला फोड आला. तो फोड मे संपला तरी बरा होत नव्हता. ती पाय ओढत चालायची, बाजार लवकर आटपायची, आणि त्याने फोन बघून म्हटलं होतं, "ह्या आठवड्यात पावलं कमी का पडली गं?" हेही तोच म्हणाला होता. दुसरं कुणी नाही.

मेच्या मध्यात एकशे अडुसष्ट आला आणि गोल लाल झाला. त्याच दिवशी मिनल मॅडमचा फोन आला की आणखी दोनदा असं झालं तर मेडिकल ऑफिसरकडे पाठवावं लागेल. त्या दिवशी त्याला कळलं. चांगलं लख्ख कळलं. तिचं सारखं पाणी पिणं, दिवसभर थकल्यासारखं बसून राहणं, टाचेचा फोड आणि हा आकडा, सगळं एका जागी येऊन उभं राहिलं. शुगरचा पेशंट तो तीन वर्षांचा, त्याला कळणार नाही तर कुणाला? आणि मग त्याने जे केलं ते आठवलं की त्याचे कान आत्तासुद्धा तापायचे. त्याने कस्तुराला दवाखान्यात नेलं नाही. पुढच्या सोमवारी त्याने दीक्षाला हाक मारली. एकवीस वर्षांची मुलगी, तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला, निघायच्या घाईत होती. "मम्मीची बोटं सोलवटलीत, तिला दुखतं," तो म्हणाला, "तुझं दे." केवढी ती माया! दीक्षाने बोट दिलं, पण त्याच्याकडे बघत राहिली. "पप्पा, हे किती दिवस चालायचं?" एवढंच म्हणाली. कस्तुरा हात धुऊन आली होती. ती दारात उभी राहिली, ओले हात तसेच धरून, आणि मग आत गेली. मशीनवर अठ्ठ्याऐंशी आलं. शाबास समाधान.

खालून सुजितने जोरात शिट्टी मारली. समाधान दचकला. सुजितचा हात कधीचा थांब म्हणत होता आणि डाय अजून हातभर पुढे सरकतच होती. त्याने घाईने ब्रेक दाबला. गेल्या काही महिन्यांत त्याला खालचा हात कधीकधी धूसर दिसायचा. स्वतःची शुगर किती आहे हे त्याला सव्वा वर्ष माहीत नव्हतं, आणि त्या न माहीत असलेल्या आकड्याच्या खाली रोज सुजित उभा राहत होता. सुजितने वर बघून दोन्ही हात पसरले, काय रे हे, अशा अर्थाने. समाधानला वाटलं, इथून आत्ताच्या आत्ता उतरावं आणि सगळ्यांना सांगून टाकावं. पण तो उतरला नाही. शिफ्ट संपेपर्यंत बसून राहिला, एकेक डाय बैलगाडीच्या चालीने हलवत.

कंपनीच्या बसमध्ये मोशीपर्यंत गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि तो वाटा शोधत होता. कस्तुराला डॉक्टरकडे न्यायचं हे ठरलं होतं. प्रश्न एवढाच होता की आपण दीड महिना गप्प बसलो हे न सांगता कसं न्यायचं. कंपनीने घरच्यांची तपासणी ठेवलीय असं सांगावं? दीक्षालाच सांगावं, मम्मीला घेऊन जा म्हणून? की टाचेचं निमित्त करावं, डॉक्टर आपणहून शुगर बघतील, मग आपण तोंडाला हात लावायचा, अगं बाई, तुलाही निघाली? हे शेवटचं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस आली. पापातसुद्धा माणूस सोयीची खिडकी बघूनच बसतो. भोसरीला उतरेपर्यंत त्याने ती अगं बाई मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिली होती.

घरी कस्तुरा तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होती. त्याला बघून तिने तांब्या खाली ठेवला, चोरी पकडली गेल्यासारखा. "उद्या रजा टाकलीय," तो म्हणाला, "तुझी टाच दाखवून येऊ." "टाचेला काय झालंय? तेल लावतीया मी," ती म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे बघून, "तुमच्या कंपनीत काय झालं का?" त्याने आरोग्यवीराचं सांगितलं. ती एवढी खुलली की त्याला तिच्याकडे बघवेना. "दीक्षाच्या बोटाला यश हाय," ती म्हणाली, आणि लगेच वळून गॅस बारीक करायला लागली. शनिवारी कुठली साडी नेसू, हे तिने विचारलं तेव्हा तो पायातले बूट काढत वाकला होता, आणि तसाच वाकून राहिला.

महापालिकेच्या दवाखान्यात भिंतीवर क्यूआर कोडचा चौकोन लावलेला होता, तो फोनने टिपला की नंबर लागायचा. कस्तुराचा फोन साधा, म्हणून त्याने स्वतःच्या फोनवरून तिचं नाव भरलं. आधीची नोंद आहे का, असं फोनने विचारलं. त्याने "नाही"वर बोट ठेवलं. कस्तुरा ओव्हाळ, वय त्रेचाळीस, पहिलीच भेट. आत डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण टाच बघताना घाई केली नाही. "हे अडीच महिने बरं झालं नाही? शुगर कधी तपासली होती?" कस्तुरा शांतपणे म्हणाली, "कधीच न्हाई." समाधानने तिच्याकडे पाहिलं. साठ-एक सोमवार टोचलेली बाई डोळ्याची पापणी न लववता कधीच नाही म्हणत होती. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात उलटा केला. सगळ्या बोटांच्या टोकांना बारीक काळे ठिपके. "आणि हे काय?" "शिलाईचं काम करती, सुई लागती," कस्तुरा म्हणाली. तिने जन्मात कधी शिलाईचं काम केलं नव्हतं.

आता अगं बाई म्हणायची वेळ जवळ आली होती. थोडं थांबलं तरी चालणार होतं, डॉक्टर शुगर तपासणारच होत्या. बसमध्ये पाठ केलेलं सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. पण त्या ठिपक्यांकडे बघताना ते जिभेवरच वाळलं. त्याने फोन काढला, ॲप उघडलं आणि टेबलावर ठेवलं. "तिच्या शुगरचे आकडे आहेत डॉक्टर. दर सोमवारचे. मेपर्यंतचे." त्यांनी बोटाने वर-खाली करून पाहिलं. "ह्यावर तर समाधान ओव्हाळ असं नाव आहे."

"नाव माझं आहे. रक्त हिचं आहे."

"न्हाई डॉक्टर," कस्तुरा एकदम खुर्चीत पुढे सरकून म्हणाली. "त्यांचं काय ऐकू नका. रक्त यांचंच हाय. शुगर यांना हाय, तीन वरसं झाली, कंपनीत सगळ्यांना म्हाइती हाय. मला काय झालेलं न्हाई." ती त्याच्याकडे वळली आणि दबक्या आवाजात, जणू डॉक्टर तिथे नाहीतच अशी, म्हणाली, "अहो, कंपनीला कळलं म्हंजे? शनिवारी कार्यक्रम हाय ना?" डॉक्टरीणबाई एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. समाधानला वाटलं की आपल्याला इथे कुणीतरी शिव्या घालाव्यात, मोठ्याने, बाहेरच्या रांगेला ऐकू जातील अशा. "ती खोटं बोलतेय," तो म्हणाला. "माझ्यासाठी. एकशे अडुसष्ट आलं तेव्हाच मला कळलं होतं हिला शुगर आहे. मग मी मुलीचं बोट टोचायला लागलो. हिला सांगितलं नाही." एवढं बोलताना त्याचा आवाज फुटला नाही, याचीसुद्धा त्याला लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडून मशीन मागून घेतलं आणि कस्तुराचं बोट टोचलं. सवयीने तिने बोट खालून दाबून थेंब मोठा करून दिला. दोनशे ब्याण्णव. "सकाळपासून काही खाल्लंय?" "न्हाई." कस्तुराने मान वाकवून आकडा पाहिला. मग तिने हात पदरात घेतला आणि समाधानला म्हणाली, "मी रविवारी दुपारपासनं जेवत नव्हते. दोन-तीन महिने. म्हटलं तुमचा आकडा उतरंल. तरी न्हाई उतरला. मग तुम्ही दीक्षाला बोलावलंत. मला वाटलं, माझ्यावर राग धरला." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. ती माफी मागत होती. तिचं स्वतःचं रक्त होतं, आणि ते आपलं आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझा आकडा, माझा आकडा, असं त्याने इतके सोमवार म्हटलं होतं की ती त्याचा आकडा बिघडवल्याची लाज धरून दुखरी टाच ओढत फिरत होती. समाधानला तिचा हात धरायचा होता. पण जो हात त्याने फक्त सोमवारीच धरला, तो आज कुठल्या तोंडाने धरावा हे त्याला कळेना, आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर कस्तुराच्या नावाखाली बरंच काही लिहिलं. मग दुसरी पट्टी काढली, मशीनमध्ये खोचली आणि समाधानसमोर हात पसरला. "आता तुमचं," त्या म्हणाल्या. "खरं किती आहे ते बघू." त्याने हात पुढे केला. सुई जवळ येताच हात आपोआप मागे आला, तेव्हा कस्तुराने पदरातून आपला हात काढला, त्याचं मनगट घट्ट धरलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली,

"हळू टोचा हां, डॉक्टर. यांना सवय न्हाई."